एअर फिल्टर बदलल्यावर एटीव्ही पुन्हा पुन्हा का अडखळते: कार्ब्युरेटरचे सेटिंग टिकवण्याची पद्धत

मूळ एअर फिल्टर काढून बाजारातला मोकळा फिल्टर बसवला, की एटीव्हीच्या (जाड टायरांच्या, खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी गाडीच्या) मालकाची तक्रार बहुधा एकाच क्रमाने पुढे सरकते. इंजिनाचा आवाज भरदार होतो, पण अंगठ्याने थ्रॉटल (वेग वाढवणारा दांडा) एकदम दाबला की गाडी क्षणभर गुदमरते आणि मग उचलते. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते. कोणी तरी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा कार्ब्युरेटरमधला मुख्य छिद्राचा भाग) मोठा टाकून देतो, गाडी सुरळीत धावू लागते आणि काही आठवड्यांनी तेच अडखळणे परत येते. मग पुन्हा जेट, पुन्हा स्क्रू, आणि अखेरीस कार्ब्युरेटरच खराब आहे असे ठरवून नवा आणला जातो, ज्याने प्रश्न सुटत नाही.

माझे मत असे आहे की वारंवार बिघडणाऱ्या अशा बहुतेक गाड्यांत दोष जेटच्या आकड्यात नसतो. जेट हे ठरावीक हवेला लागणाऱ्या पेट्रोलचे माप आहे. ती हवाच दर आठवड्याला कमी-जास्त होत असेल, तर कितीही काळजीने निवडलेला जेट टिकणार नाही. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: प्रथम हवेचा मार्ग पक्का करायचा, त्यानंतर टाकीपासून फ्लोटपर्यंतचा (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागापर्यंतचा) पेट्रोलचा मार्ग तपासायचा आणि सर्वांत शेवटी जेट हातात घ्यायचा.

नागाव-काशीदच्या किनाऱ्यांवर आणि पाचगणीसारख्या ठिकाणी भाड्याने फिरणाऱ्या ११० ते १२५ सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या मी मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. त्यांच्यावर बहुधा पीझेड-१९ सारखा किंवा मिकुनी व्हीएम-२२ च्या धर्तीचा साधा स्लाइड कार्ब्युरेटर (ज्यात वर-खाली सरकणारी स्लाइड हवेचा मार्ग उघडते) असतो. होंडा ४००ईएक्ससारख्या मोठ्या क्वाडलाही (एटीव्हीचेच दुसरे नाव) हीच तत्त्वे लागू पडतात. यामाहा रॅप्टर ६६० सारख्या दोन सीव्ही कार्ब्युरेटर (ज्यांत स्लाइड केबलने नव्हे, हवेच्या दाबाने उचलली जाते) असलेल्या गाडीबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट पुढे सांगितली आहे.

फिल्टर बदलल्याने मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) का होते

कार्ब्युरेटर स्वतःच हवेनुसार पेट्रोल ओढतो, मग हवा वाढली तर पेट्रोलही आपोआप वाढायला हवे, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो योग्य आहे. त्याचे उत्तर फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत आहे. बाउलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मूळ फिल्टर आणि एअरबॉक्सच्या (फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याच्या) अडथळ्यामुळे दाब थोडा कमी झालेला असतो. दाबांतला हा फरक व्हेंचुरीतल्या (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातल्या) ओढीत मिळून पेट्रोल वर खेचतो. मोकळ्या फिल्टरने तोंडाशी असलेला अडथळा कमी होतो, त्यामुळे हवा थोडी अधिक जाते, पण पेट्रोल खेचणारा दाबाचा फरक उलट घटतो. याच न्यायाने फिल्टर मातीने भरला की दाबाचा फरक वाढतो आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेले) होते. स्वच्छ फिल्टरवर केलेले सेटिंग मळलेल्या फिल्टरवर चुकते आणि मळलेल्या फिल्टरवर केलेले सेटिंग धुतल्यानंतर चुकते, हे याच कारणाने घडते.

शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते, आणि पूर्ण थ्रॉटलवर उत्तम ताकद साधारण १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. पूर्ण भारावर लीन चालणारे इंजिन केवळ अडखळत नाही, तर तापते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात आणि वाळूत कमी वेगाने पण जोर लावून चालणाऱ्या गाडीत हे तापणे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसण्यापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे शंका असेल तेव्हा सुरुवात रिच बाजूने करावी आणि हळूहळू खाली यावे.

कोणता फिल्टर बसवला आहे, हे आधी ठरवा

मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा फोमचा किंवा सुती जाळीचा फिल्टर असेल, एअरबॉक्सचे झाकण आणि शेंडी (हवा आत घेणारी नळी) जागच्या जागी असेल आणि सायलेन्सर मूळचाच असेल, तर मेन जेट बदलण्याची गरज अनेकदा पडतच नाही, किंवा एक पायरी (जेटचा एक आकार) वर जाणे पुरते. झाकण काढले असेल तर दोन-तीन पायऱ्या वर जावे लागते. एअरबॉक्स पूर्ण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट शंकूच्या आकाराचा पॉड फिल्टर बसवला असेल आणि सोबत मोकळा सायलेन्सरही असेल, तर त्याहून अधिक. चाचणीला सुरुवात करण्यापुरतेच हे अंदाज धरावेत.

पॉड फिल्टरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. एअरबॉक्स हा शांत हवेचा साठा आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पायलट (आयडलिंग आणि कमी थ्रॉटलचे पेट्रोल देणाऱ्या) आणि मेन सर्किटची हवेची बारीक छिद्रे असतात; शांत हवेत ती नीट काम करतात, पण पॉडवर बाजूने वारा, चाकाने उडवलेले पाणी किंवा चिखल आला की त्यांच्याशी पोचणारा दाब क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून पॉड लावलेली गाडी स्टँडवर उत्तम चालते आणि किनाऱ्यावर समोरून वारा लागला की अडखळते. त्यातच पॉडचे वजन कार्ब्युरेटरला मागे ओढत राहते आणि पुढच्या मॅनिफोल्ड रबराला (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबराला) तडा जातो. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये तर स्लाइड उचलणारा पडदा तोंडाशी असलेल्या स्थिर दाबाशी तुलना करूनच वर-खाली होतो, त्यामुळे तिथे पॉड लावणे म्हणजे मधल्या थ्रॉटलवरचा अडखळा जवळजवळ कायमचा स्वीकारणे आहे. शर्यतीसाठी पूर्ण उघड्या थ्रॉटलवरच चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. माती, वाळू आणि डबक्यांतून जाणाऱ्या गाडीला एअरबॉक्स परत बसवणे हाच खरा उपाय आहे, आणि तो जेटच्या संचापेक्षा स्वस्तही पडतो.

हवेचा मार्ग पक्का करणे

कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधले रबर काढून हाताने वाकवून पाहा. तडे बहुधा खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतात आणि रबर वाकवल्यावरच उघडतात. कार्ब्युरेटरच्या फ्लँजमधली (बोल्टने जोडायच्या चपट्या कडेतली) ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदला. फ्लँजचे दोन बोल्ट अति आवळल्याने तो मधून वाकतो, म्हणून सपाट काचेवर ठेवून तो बसतो का ते बघा. सर्व जोडल्यावर थंड इंजिन आयडलिंगवर ठेवून सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला, आयडलिंग वर-खाली झाले, तर तिथून हवा आत ओढली जात आहे. पुष्कळ ठिकाणी याच कामासाठी ज्वलनशील क्लीनर फवारला जातो, पण तापलेल्या बेंड पाइपशेजारी (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीशेजारी) तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

सांधा हवा ओढत असेल तर थ्रॉटल सोडल्यावर आयडलिंग लगेच खाली येत नाही, काही सेकंद चढलेलेच राहते. हेच लक्षण पायलट जेट लहान असल्यासही दिसते, म्हणून पायलट जेटचा विचार करण्यापूर्वी सांधे तपासलेच पाहिजेत. गळका सांधा तसाच ठेवून जेट मोठा केला, तर गाडी काही दिवस नीट चालते, कारण मोठ्या जेटने गळती झाकलेली असते. तडा वाढला की तक्रार परत येते. वारंवार येणाऱ्या तक्रारींत हे कारण मला सर्वांत अधिक महत्त्वाचे वाटते.

दुसरी तपासणी फिल्टरच्या कडेची. फिल्टर काढून त्याच्या पुढच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडच्या नळीतून पांढरे सुती फडके फिरवा. पाचगणीचे पठार आणि कोकणातले बरेचसे रस्ते जांभ्याचे आहेत; त्या दगडाची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते आणि फिल्टरच्या बसकीत थोडीशी फट असली तरी आत जाते. फडक्यावर तांबडा थर आला, तर जेट बाजूला ठेवा. फिल्टरच्या ओठावर ग्रीसचा पातळ थर लावून तो नीट बसवा, क्लँप सरळ आवळा आणि पुढच्या फेरीनंतर पुन्हा फडके फिरवा. ही धूळ पिस्टन रिंगा झिजवते; रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल जाळते, प्लग काळा होतो आणि बघणाऱ्याला वाटते की मिश्रण रिच आहे, मग तो जेट लहान करतो आणि आधीच दमलेले इंजिन लीन चालवतो. ऑइलने काळा झालेला प्लग ओलसर व चकचकीत असतो, तर पेट्रोलच्या काजळीने काळा झालेला प्लग कोरडा व मखमली दिसतो. हा फरक ओळखता आला पाहिजे.

फोमच्या फिल्टरला फोमसाठीचेच चिकट तेल लावावे. इंजिन ऑइल लावले तर ते दोन दिवसांत खाली ओघळते, वरचा भाग कोरडा पडतो आणि तळाशी चिखल साचतो. म्हणजे एकाच फिल्टरचे दोन भाग दोन वेगळ्या तऱ्हांनी हवा सोडतात. तेल लावल्यावर फोम पिळू नये, मुठीत दाबून जास्तीचे तेल काढावे, आणि सर्वत्र एकसारखा रंग दिसेपर्यंत हे करावे. पेट्रोलमध्ये फिल्टर धुण्याची सवय फार दिसते. त्याने फोमच्या सांध्यातला गोंद सुटतो. फिल्टरसाठीच्या क्लीनरने मळ सोडवून नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुणे आणि सावलीत पूर्ण वाळवणे हेच योग्य. सुती जाळीच्या फिल्टरला त्याचे स्वतःचे पातळ तेल असते. ते अति लावले तर मिश्रण रिच होते.

सेटिंग नेहमी धुतलेल्या, तेल लावलेल्या आणि एक-दोन फेऱ्या मारून बसलेल्या फिल्टरवर करावे. त्यानंतर फिल्टर इतका भरू देऊ नये की ते सेटिंग खोटे ठरेल. वाळूच्या किनाऱ्यावर दिवसभर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर रोज संध्याकाळी पाहावाच लागतो.

पेट्रोलचा मार्ग

टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र मातीने बुजले, तर गाडी दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग पूर्ण थ्रॉटलवर गुदमरू लागते, अगदी मेन जेट लहान असल्यासारखी. त्या क्षणी झाकण उघडले की हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती न करता जेट बदलण्यात अर्थ नाही. पेट्रोल कॉकच्या आतली जाळीही याच वेळी स्वच्छ करावी.

फ्लोटची पातळी पाहण्यासाठी बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती बाउलच्या शेजारी वर धरा आणि ड्रेन स्क्रू उघडा. नळीतले पेट्रोल बाउलच्या गॅस्केटच्या थोडे खाली, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर थांबले पाहिजे. पातळी खाली असेल तर सर्वच सर्किटे लीन होतात आणि चढावर अडखळा वाढतो. वर असेल तर सर्वच रिच होतात आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकते. फ्लोटची सुई (बाउल भरल्यावर पेट्रोल थांबवणारी) झिजली असेल तर पातळी एक दिवस बरोबर आणि दुसऱ्या दिवशी चूक दाखवते. अशा सुईचे टोक बोटाने फिरवल्यावर कडा जाणवते.

इथेनॉलचा मुद्दा आता टाळता येत नाही. २०२३ मध्ये भारतात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली आणि पुढच्या दोन वर्षांत ते सर्वसाधारण झाले. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलसाठी ते प्रमाण ९ च्या आसपास आहे, त्यामुळे ई-२० साठी हिशेब सुमारे १३.५ येतो, तर ई-१० साठी तो सुमारे १४.१ होता. म्हणजे जुन्या जेटवर ई-२० भरले की तेच इंजिन साधारण ४ टक्क्यांनी अधिक लीन चालते. मूळ फिल्टरवर हा फरक कदाचित जाणवणार नाही, पण मोकळ्या फिल्टरने आधीच कडेवर आणलेल्या मिश्रणात तो नक्की जाणवतो. इंटरनेटवर सापडणारे जेटचे जुने आकडे दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या पेट्रोलवरचे असतात, हेही इथे ध्यानात घ्यावे.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात महिनोन् महिने बंद उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाउलमध्ये पेट्रोल ठेवले, तर पायलट जेटच्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान छिद्रात हिरवट क्षार आणि चिकटा साचतो. गाडी ठेवताना कॉक बंद करून बाउल रिकामा करावा. बुजलेला जेट कार्ब क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करावा. पितळ मऊ असल्याने तार घातली की छिद्र मोठे किंवा वाकडे होते आणि त्याच्यावर कोरलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

जेटला हात लावण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी

थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट तपासा. लहान आडव्या इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्हना बहुधा ०.०५ मिलिमीटर फट सांगितलेली असते, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. टॅपेट घट्ट झाला की इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग बिघडते. कितीही स्क्रू फिरवला तरी ते जुळत नाही.

लहान क्वाडच्या थ्रॉटलच्या डबीवर वेग मर्यादित ठेवणारा एक स्क्रू असतो. तो आत फिरवलेला असेल तर अंगठा शेवटपर्यंत दाबूनही स्लाइड अर्धीच उघडते, आणि मेन जेटची चाचणी म्हणून जे काही चालते ते प्रत्यक्षात सुईची (स्लाइडला लटकून मधल्या थ्रॉटलचे पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) चाचणी ठरते. चाचणीपुरता हा स्क्रू पूर्ण बाहेर घ्या आणि गाडी मुलांच्या किंवा पर्यटकांच्या हाती देण्यापूर्वी न विसरता परत लावा. तसेच काही गाड्यांच्या सीडीआयमध्ये (प्लगची ठिणगी नियंत्रित करणाऱ्या डबीत) इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा असते. वरच्या फेऱ्यांवर अगदी ठेक्यात येणारे मिसिंग त्या मर्यादेचे असते, त्याचा पेट्रोलशी संबंध नसतो.

अडखळा कुठे आहे

अंगठ्याच्या थ्रॉटलवर अर्धा आणि पाव उघडा हे अंदाजाने कळत नाही. डबीवर पांढऱ्या रंगाने बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा आणि लिव्हरवर एक रेष ओढा. बंदपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा तिरका काप, पाव ते पाऊण सुई आणि पाऊणच्या पुढे मेन जेट यांचे राज्य असते. या सीमा एकमेकींत मिसळतात, पण निदानाला पुरतात. महत्त्वाचे असे की ही वाटणी थ्रॉटलच्या उघडीवर आहे, वेगावर नाही. पहिल्या गिअरमध्ये हळू चढताना थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर तिथे मेन जेटच काम करतो.

लीन अडखळा कोरडा असतो: गाडी जणू बंद पडते आणि मग एकदम धरते, स्थिर थ्रॉटलवर मागे-पुढे ढकलते, थ्रॉटल सोडल्यावर फटफटते. रिच अडखळा जड असतो: आवाज घोगरा, ठोके वगळल्यासारखे, धूर काळसर, वास पेट्रोलचा, आणि इंजिन गरम होत जाईल तसा तो वाढतो. खात्री नसेल तर अडखळत असतानाच चोक किंचित ओढा. सुधारणा झाली तर लीन, बिघडले तर रिच. ही साधी चाचणी माझ्या दृष्टीने प्लगच्या रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

प्रत्यक्ष सेटिंग

क्रम मेन जेट, मग सुई, मग पायलट, शेवटी स्क्रू असा ठेवावा, कारण सुईच्या टप्प्यात येणारे पेट्रोलही मेन जेटमधूनच जाते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

मेन जेट निवडताना आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. केहिन पद्धतीच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो, तर मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून जाणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणावर असतो. म्हणून एकाचा ९० आणि दुसऱ्याचा ९० सारखे नसतात. शिवाय पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते. केहिनच्या ७५ वरून ८० वर गेल्यास क्षेत्रफळ जवळपास १४ टक्क्यांनी वाढते, पण १५० वरून १५५ वर गेल्यास ते ७ टक्क्यांच्या आतच वाढते. मोठ्या क्वाडसाठी सांगितलेली पाच-पाच आकड्यांची उडी लहान कार्ब्युरेटरला म्हणूनच फार मोठी पडते; तिथे दोन-दोन, अडीच-अडीच आकड्यांनी सरकावे.

मोकळ्या, कडक जमिनीवर, माणसे नसलेल्या सरळ पट्ट्यात, इंजिन पूर्ण गरम करून, पूर्ण थ्रॉटलवर चालवा. गाडी जड होऊन अडखळू लागेपर्यंत जेट वाढवा आणि मग एक पायरी खाली या. खात्रीसाठी नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जा आणि थ्रॉटल न सोडता किल स्विच दाबा. गाडी थांबवून प्लग काढा. टोकाकडचा रंग फसवा असतो. पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी मुळाशी फिकट तपकिरी कडे दिसावे. मूळ पूर्ण पांढरे किंवा फोड आल्यासारखे असेल तर लगेच थांबा आणि जेट मोठा करा.

सुईला क्लिपच्या खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. वर सरकवली की उलट. पीझेड-१९ च्या धर्तीच्या अनेक कार्ब्युरेटरांत सुईला एकच जागा असते. तिथे सुईच्या माथ्याखाली सुमारे अर्ध्या मिलिमीटरची बारीक चकती घातली की काम होते. फिल्टर बदलल्यानंतर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार, म्हणजे अर्ध्या थ्रॉटलवरचे मागे-पुढे ढकलणे, बहुतेक वेळा इथेच सुटते. लोक त्यासाठी मेन जेट वाढवत बसतात आणि वरचा टप्पा उगीच रिच करून ठेवतात.

मिश्रणाच्या स्क्रूबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू असतो, बाहेर फिरवल्यावर मिश्रण लीन होते. तो इंजिनाकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू असतो, आणि बाहेर फिरवल्यावर मिश्रण रिच होते. आधी तो हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्या. जोर लावला तर टोक तुटून छिद्रात अडकते. मग दीड फेरा बाहेर काढा, गरम इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवत आयडलिंग सर्वांत चढते ती जागा शोधा आणि आयडलचा स्क्रू कमी करून पुन्हा एकदा तेच करा. पेट्रोलच्या स्क्रूची उत्तम जागा तीन फेऱ्यांच्या बाहेर गेली तर पायलट जेट लहान आहे आणि अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर मोठा आहे. हवेच्या स्क्रूला हा नियम नेमका उलट लागतो: बराच बाहेर जावा लागत असेल तर पायलट जेट मोठा, जवळजवळ बंद करावा लागत असेल तर लहान. कोणता स्क्रू आहे हे न पाहता फेरे मोजणाऱ्याचा पायलट जेट चुकीच्या दिशेने बदलला जातो.

सेटिंग तरीही परत बिघडले तर

बिघाड कसा परत येतो, यावरून कारण कळते. गाडी धुतल्यानंतर अडखळली तर फिल्टरमध्ये किंवा बाउलमध्ये पाणी आहे. दहा-पंधरा मिनिटांनी गुदमरली तर टाकीचे झाकण पाहा. फक्त गरम झाल्यावर आयडलिंग सुटत असेल तर टॅपेट आणि मॅनिफोल्ड रबर. आठवडाभरात हळूहळू जड होत गेली तर फिल्टर भरतो आहे. फिल्टर धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी फटफटू लागली तर मागचे सेटिंग मळलेल्या फिल्टरवर झालेले होते; ते स्वच्छ फिल्टरवर पुन्हा करावे. पावसाळ्यानंतर चोकशिवाय आयडलिंगच धरत नसेल तर पायलट जेट बुजला आहे. मळलेल्या फिल्टरवरचे सेटिंग पुन्हा करणे सोडले, तर यांतल्या कोणत्याही प्रसंगी जेटचा आकडा बदलू नये.

आकडा बदलण्याचे खरे कारण एकच उरते, ते म्हणजे जागा बदलणे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि तिथे हवेची घनता किनाऱ्यापेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी असते. कार्ब्युरेटरचे मिश्रण त्या घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रिच होत असल्याने नागावला बसवलेली गाडी पाचगणीला सुमारे ६ टक्के रिच चालते. थंडीतल्या १५ अंशांच्या पहाटेपासून ३५ अंशांच्या दुपारपर्यंत घनतेत पडणारा फरक ६-७ टक्क्यांचा असतो, म्हणजे मिश्रणात सुमारे ३ टक्के. त्यासाठी जेट नव्हे, स्क्रूचा पाव फेरा पुरतो. किनाऱ्यावरची गाडी हंगामापुरती घाटावर नेत असाल तर केहिन पद्धतीच्या कार्ब्युरेटरसाठी सध्याच्या मेन जेटपेक्षा सुमारे ३ टक्के लहान व्यासाचा जेट सोबत ठेवा, म्हणजे ९० चा असेल तर ८७ किंवा ८८ चा, आणि परत उतरताना घाट संपल्यावर, किनाऱ्यावर पहिली फेरी मारण्यापूर्वीच तो काढून मूळ जेट बसवा. घाटावरचा जेट तसाच ठेवून वाळूत जोर लावला तर मिश्रण त्याच ६ टक्क्यांनी लीन असते.